टाके निघाले, पुढचं कोण सांगणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात शेतात भरिताची वांगी भाजताना कपाशीच्या काड्यांचा जाळ उसळला आणि सूनबाईंचा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत भाजला. मांडीची कातडी काढून लावली. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती घरी सोडताना हातात पडलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठीबद्दल. बाकी अक्षर नाही.

लावलेल्या कातडीला स्वतःचं तेल सुटत नाही, ती कोरडी पडून तडकते. दिवसातून चार-पाचदा साधं व्हॅसलीन चोळावं लागतं. कोपरावरचा व्रण आखडत जातो, म्हणून हात ताणायचे व्यायाम आणि रात्री कोपर सरळ धरून ठेवणारी पट्टी (स्प्लिंट) हवी. व्रण मुरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी आणि मापाची दाबाची बाही, म्हणजे व्रण दाबून धरणारी घट्ट कापडी बाही, तीही दिवसाचे तेवीस तास. जळगावच्या मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, ती घालून चूल सांभाळणं काय असतं ते सूनबाईंनाच विचारा! ऊन लागलं की कोवळा व्रण काळवंडतो, म्हणून शेतात जायचं तर पूर्ण बाह्या. गल्लीतल्या बायका मात्र लिंबू चोळा म्हणतात.

हे सारं आम्हाला फार उशिरा, एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडून कळलं. तोवर कोपर सरळ होईना.

घरी सोडताना प्रत्येक दवाखान्याने मराठीत एक कागद द्यावा, आणि दाबाच्या बाहीचं माप निदान जिल्ह्याच्या ठिकाणी तरी घेतलं जावं.

– एक सासू, चोपडा