सहाय्यक कलावंतांचे पैसे चुकते झाल्याशिवाय चित्रपटाला अनुदान देऊ नये

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

नायकाचा थोरला भाऊ, गावचा सरपंच, ठाण्यातला फौजदार, शेजारच्या काकू अशा भूमिका करणाऱ्या मराठी कलावंतांपैकी मी एक आहे. आमच्या कामाचे पैसे किती ठरतात, त्यातले हाती किती पडतात आणि केव्हा पडतात, याविषयी आपल्याशी बोलावे म्हणून हे पत्र लिहितो आहे. मुख्य कलावंतांच्या मानधनाच्या बातम्या छापून येतात. आमच्या मानधनाची वाच्यता होत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण असे की ते पुष्कळदा कुठे लिहिलेलेच नसते.

व्यवहार कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या भूमिकेसाठी ‘पर डे’ सात हजार रुपये आणि दहा दिवसांचे काम ठरले. ऐकायला 70,000 रुपये ही रक्कम बरी वाटते. त्यातून दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) म्हणजे 7,000 रुपये कापले जातात, आणि काम को-ऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे कलावंतांना काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, आले असेल व त्याचे कमिशन पंधरा टक्के धरले, तर आणखी 10,500 जातात. उरले 52,500. हे दहा दिवस सलग नसतात. चार दिवस भोरला, मग तीन आठवड्यांनी दोन दिवस मुंबईत, पुढे नायकाच्या तारखा जुळल्या की उरलेले, असे ते दोन-तीन महिन्यांत विखुरतात. भूमिकेसाठी दाढी वाढवलेली असेल तर कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या चित्रीकरणात रूप तेच दिसावे म्हणून, ती तशीच ठेवावी लागते, आणि मधल्या काळात चालून आलेले दुसरे काम केवळ त्या दाढीपायी सोडावे लागते. ज्या दिवसांचे पैसे मिळतात त्यांच्या कितीतरी पट दिवस असे अडकून पडतात, आणि त्यांचा हिशेब कोणी धरत नाही.

दर कमी आहे ही तक्रार खरी आहे, पण आज मी ती मागे ठेवतो. मराठी चित्रपटाचे बजेट बेताचे असते आणि निर्मात्याच्याही अडचणी असतात, हे मला कळते. मला जास्त गंभीर वाटते ते हे, की जो दर दोघांच्या संमतीने ठरला तोही वेळेवर आणि पुरा मिळेल याची खात्री नसते. साइनिंगला थोडी रक्कम येते, चित्रीकरण संपताना आणखी काही येते आणि शेवटचा हप्ता डबिंगवर ढकलला जातो. एका चित्रपटाचे माझे डबिंग दुसऱ्याच आवाजात उरकले गेले आणि डबिंग केले नाही म्हणून तो हप्ताही बुडाला. हातात कागद नव्हता, त्यामुळे कुणाकडे दाद मागावी हे कळेना. काही वेळा टीडीएस कापल्याचे सांगितले जाते, पण वर्षअखेरीस आयकराच्या नोंदीत ती रक्कम दिसत नाही. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्रही नाही, अशा कलावंताला ती परत मिळण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो. मालिकांत तर काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे ही रीतच होऊन बसली आहे. घरभाडे आणि मुलांची फी नव्वद दिवस थांबत नाही.

लेखी कराराची तरतूद देशाच्या कायद्यात नवी नाही. चित्रपट कामगारांसाठी 1981 मध्ये झालेल्या कायद्याने ती केली होती, आणि तो कायदा ज्या संहितेत सामावला गेला, त्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक 2020 च्या संहितेनेही दृक्‌श्राव्य कामगारांसाठी, ज्यांत अभिनेत्यांचाही समावेश आहे, ठरावीक मानधनमर्यादेपर्यंत नोंदणीकृत लेखी करार आवश्यक मानला आहे. ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. मल्याळम चित्रपटसृष्टीतील महिलांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केरळ सरकारने 2017 मध्ये नेमलेल्या हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तोंडी ठरावांमुळे कलावंतांची, विशेषतः ज्युनिअर आर्टिस्टची (गर्दीतल्या व किरकोळ भूमिका करणाऱ्यांची), काय परवड होते ते सर्वांनी वाचले. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे असे मानायला मला कारण दिसत नाही.

श्रेयनामावलीचा प्रश्नही पैशाचाच आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनुसार, चित्रपटातले ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि रूढ पद्धतीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही येत नाही, त्याला एक मर्यादित अपवाद वगळता कायदा कलावंत म्हणून ओळखत नाही. त्याच दुरुस्तीने कलावंताला त्याच्या कामाच्या व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला. गायकांनी 2013 मध्ये संस्था नोंदवून त्या हक्काची वसुली सुरू केली. आम्ही अभिनेते मात्र, चित्रपट वाहिनीवर वर्षानुवर्षे दाखवला गेला तरी, पहिल्या आणि एकमेव मानधनावरच थांबलेलो आहोत. दोन प्रसंगांच्या भूमिकेचे नाव शेवटच्या पाट्यांतून गळते, तेव्हा त्या माणसाचा या हक्कावरचा दावाही कमकुवत होतो.

महोदय, निर्मात्यांच्या खाजगी व्यवहारात शासनाने कसा हात घालावा, असे कोणी म्हणेल. पण दर्जेदार मराठी चित्रपटांना शासन अनुदान देत आले आहे. ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख रुपये, ही रक्कम अनेक निर्मात्यांच्या गणितात मोठी असते. तो जनतेचा पैसा आहे. ज्या चित्रपटाला तो मिळतो, त्या चित्रपटात राबलेल्या माणसाचे पैसे थकलेले नसावेत, एवढी अपेक्षा शासनाने ठेवणे रास्तच आहे. म्हणून माझी विनंती अशी, की अनुदानाच्या अर्जासोबत श्रेयनामावलीतील प्रत्येक कलावंताचा मराठीतील करार, त्याच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा झाल्याचा पुरावा आणि टीडीएस भरल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि ते केवळ फायलीला न जोडता त्यातील काही कलावंतांना फोन करून पडताळावे. बोलण्याची भूमिका असलेल्या एकाचेही नाव श्रेयनामावलीतून वगळलेले नाही, असे निर्मात्याकडून लिहून घ्यावे. अनुदानाचे पैसे आल्यावर देतो, असे उत्तर मात्र ग्राह्य धरू नये, कारण त्या आशेवर वर्ष-वर्ष थांबलेले सहकारी मी पाहिले आहेत.

कराराचा दोन पानी नमुना शासनाने चित्रपट महामंडळ आणि कलावंतांच्या संघटना यांना बरोबर घेऊन तयार करावा. त्यात दिवस, दर, डबिंगचे वेगळे पैसे, पैसे देण्याची अखेरची तारीख आणि श्रेयनामावलीत नाव देण्याचा उल्लेख असावा. नव्या संहितेखालील नोंदणीबाबत कामगार विभागाशीही आपण बोलावे.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून ज्येष्ठ कलावंतांना दरमहा 5,000 रुपये मानधन दिले जाते, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरुणपणी केलेल्या कामाचे पैसे ज्याला वेळच्या वेळी मिळाले, त्याला पुढे त्या रकमेवर विसंबावे लागण्याची वेळ कमी येईल. अनुदानासाठीचे पुढचे अर्ज मागवण्यापूर्वी ही अट शासन निर्णयात यावी, आणि तिचा मसुदा ठरवताना आमच्यासारख्या छोट्या भूमिका करणाऱ्या दोन-चार जणांनाही बैठकीला बोलवावे, ही नम्र विनंती.

कळावे.

आपला विश्वासू,
एक चरित्र अभिनेता