चक्करची टेस्ट, आणि आईचं काजळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आईला चार महिने चक्कर येतेय. कूस बदलली की अख्खी खोली गरगरते म्हणते. आधी पित्त म्हणून झालं, मग मणक्याचं म्हणून मानेला पट्टा लावून झाला, शेवटी कानाच्या डॉक्टरांनी व्हीएनजी नावाची टेस्ट (डोळ्यांच्या हालचालीवरून कानाचा तोल बघायची) लिहून दिली आणि आम्ही कऱ्हाडहून पहाटेच्या एसटीने पुण्याला निघालो. आईला गाडी लागते म्हणून स्टँडवरच तिला गोळी दिली, शिरवळला चहा-वडापाव झाला, आणि डोळ्यात काजळ तर तिचं रोजचंच.

तिथल्या मॅडमनी तिच्याकडे बघून पहिलं विचारलं, "आजी, काजळ घातलंय?" मग गोळ्यांचं विचारलं आणि टेस्ट कॅन्सल! गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळीच आडवी आली, कारण ती गोळी काय किंवा चक्करची गोळी काय, कानाचा जो तोल टेस्टमध्ये बघायचा असतो त्यालाच गप्प करून ठेवते. आणि काजळाचं म्हणाल तर टेस्टला घालतात त्या गॉगलमधला कॅमेरा डोळ्याची बाहुली कशी हलते ते टिपतो, काजळाचा काळा रंगही त्याला बाहुलीच वाटतो, आणि ते कितीही पुसलं तरी कडेला राहतंच. हे सगळं म्हणे पावतीच्या मागे छापलं होतं. होतं खरं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांना फोन करून विचारलं. चक्करच्या गोळ्या दोन दिवस आधी बंद, बीपी-शुगरच्या मात्र चालूच ठेवायच्या (शेजारचे काका सगळ्याच बंद करा म्हणत होते, बरं झालं ऐकलं नाही), सकाळी चहा-कॉफी नाही, आधीचे तीन-चार तास पोटभर जेवण नाही, शुगर आहे म्हणून किती खायचं तेही विचारून घेतलं, आणि कानातला मळ इथेच काढून घेतला. एसटीत गोळीऐवजी पुढची सीट आणि मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

टेस्टमध्ये कानात आधी ३० मग ४४ डिग्रीचं पाणी सोडतात, म्हणजे अंगाच्या तापमानापेक्षा सात कमी आणि सात जास्त, मिनिटभर गरगरतं. तेव्हा मन जागं राहावं म्हणून मॅडमनी आईला भाज्यांची नावं सांगायला लावली. मेथी, चाकवत, पोकळा, घेवडा, आणि मग "अगं बाई, पलंग धरा माझा"! थोड्या वेळात थांबलं, पण घरी यायला सोबत माणूस हवाच.

कानात गार-गरम पाणी घालून का गरगरतं ते शोधणाऱ्या रॉबर्ट बारानींना १९१४चं नोबेल मिळालं, आणि आमच्याकडे अजून मराठीतली एक चिठ्ठी निघत नाही. अपॉइंटमेंट देतानाच फोनवर दोन मिनिटं सांगा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत टाका, एवढंच मागणं आहे. आमचं दोन वेळचं तिकीट आणि माझी एक रजा गेली ती गेली. तुमच्या आरोग्याच्या पानावर ही माहिती छापता आली तर बघा, काजळाचं ठळक अक्षरात.

आपली एक वाचक,
कऱ्हाड