कोल्हापूरला जाण्याआधी

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

निर्णय झालाय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लागून राहणार नाही. मी राजीनामा दिलाय. येत्या एक तारखेपासून गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेटलर्जिस्ट (धातुतज्ज्ञ) म्हणून रुजू होतेय. जर्मनीला जायला नाही म्हटलं, तेही खरं आहे. तायडीला माहीत होतं. तिच्यावर रागावू नका, मीच तिला गप्प बसवलं होतं.

बाबा, जर्मनीबद्दल तुम्ही सोसायटीत सगळ्यांना सांगून बसला होतात, ते आठवलं की आत तुटतं. तुम्ही कर्ज काढून शिकवलंत आणि मी मात्र तुम्ही जिथून बाहेर पडलात त्याच गावाला निघाले, असं तुम्हाला वाटणार. आजोबांचं शेड, तो लेथ, नंतर काकांबरोबर जे झालं ते, यातलं काहीही मी विसरलेले नाही. तुम्ही तेव्हा भोसरी गाठलीत म्हणून आम्ही दोघी शिकलो. तुमचा तेव्हाचा निर्णय बरोबरच होता.

पण "चांगला माणूस शेवटी शहरातच जातो" हे तुमचं वाक्य मला पटत नाही. तुम्हीच मला कोल्हापूरच्या उद्यमनगराची गोष्ट सांगायचात. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, पाण्याबरोबर ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, आणि नदीचं पाणी वर उचलायला तेलाची इंजिनं आली. इंजिनं परदेशी. बंद पडली की भागासाठी वाट बघत बसायचं आणि तोवर ऊस वाळायचा. मग म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी ती उघडली, दुरुस्त केली, तसेच भाग इथे ओतले आणि पुढे अख्खी इंजिनंच कोल्हापुरात तयार व्हायला लागली. एका इंजिनाला पॅटर्न करणारा लागतो, मोल्डर लागतो, टर्नर, फिटर, ग्राइंडर लागतो. हे सगळे कुठून आले? बहुतेक आसपासच्या खेड्यांतून, कामाला लागून शिकले. ज्याचा हात बसला त्याने गल्लीत स्वतःचं शेड टाकलं आणि आणखी चार पोरांना शिकवलं. आजोबा त्यातलेच ना?

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी या सगळ्यानंतरच्या. सरकार प्लॉट देतं, पाणी देतं, वीज देतं, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण प्लॉटबरोबर कसबी माणूस मिळत नाही. तो येतो कुणीतरी अवघड काम अंगावर घेतलं की. मेनन बंधू केरळातले, त्यांनी पिस्टनचा कारखाना काढला तो कोल्हापुरात. समुद्र नाही, बंदर नाही, महानगर नाही. पण धातू ओतणारे आणि कातणारे हात इथे होते.

किर्लोस्करवाडीला आपण कुंडलच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा तुम्ही मला कारखाना बाहेरून दाखवला होतात. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये तिथे आले. जमीन औंधच्या राजांनी दिलेली. निवडुंग, साप आणि उघडा माळ. शेतकरी त्यांच्या लोखंडी नांगराला हात लावायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन नासते म्हणायचे. अशा माळावर शंभोराव जांभेकरांसारखी माणसं येऊन राहिली, शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी राखणदार म्हणून कामावर घेतलं, आणि कारखान्याभोवती घरं झाली, शाळा झाली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून एमआयटीची पदवी घेऊन 1926 मध्ये परतले ते त्याच माळावर. बाबा, त्यांना तर कुठेही नोकरी मिळाली असती. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण माणूस कशाच्या ओढीने येतो ते मला तिथे कळतं.

आता माझ्या फाउंड्रीबद्दल. मालक दुसऱ्या पिढीचे आहेत. आजवर ट्रॅक्टरच्या आणि इंजिनाच्या भागांवर त्यांचं चाललं, पण विजेच्या गाड्या आल्यावर इंजिनाचे भाग कमी होत जाणार हे त्यांना दिसतंय. म्हणून ग्रे आयर्न, म्हणजे नेहमीच्या बिडाबरोबर, एसजी आयर्नमध्ये, म्हणजे जास्त चिवट बिडात उतरायचंय, पंपाचे, व्हॉल्व्हचे भाग बाहेरदेशी पाठवायचेत. त्यासाठी प्रयोगशाळा उभी करणारं माणूस हवं होतं. मुलाखतीनंतर त्यांनी मला सरळ फर्नेसवर नेलं. तिथल्या मामांनी लाडलमधून, म्हणजे ओतायच्या भांड्यातून, पळीभर लोखंडाचा रस घेऊन पाचरीसारखा तुकडा ओतला, गार केला, हातोडीने तोडला आणि टोकाची पांढरी कड डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "कार्बन जरा कमी पडलाय." धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा आकडा थोड्या वेळाने आला. मामा बरोबर होते. ही नजर पुस्तक वाचून येत नाही. पण एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियम टाकल्यावर त्याचा असर काही मिनिटांतच उतरायला लागतो, तेवढ्यात ओतून मोकळं व्हावं लागतं, आणि ग्रॅफाइट गोल झालंय की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तिथे मामांना माझी गरज आहे आणि मला मामांची.

शिवाय मालक दरवर्षी आयटीआय आणि डिप्लोमाची काही मुलं घेऊन, पगार देऊन शिकवतात. त्यातली काही दोन-तीन वर्षांत पुण्याला जातात, हे त्यांना माहीत आहे. "जाऊ देत, पण उरतात त्यांच्यावरच कारखाना चालतो," म्हणाले. त्या मुलांना मेटलर्जी मी शिकवणार आहे. चाकणला माझ्या टेबलावर जे काम होतं ते माझ्याशिवायही होणार होतं. इथलं होणार नव्हतं.

आई, तू वाचतेयस ना? तुझ्यासाठी लिहिते. खोली राजारामपुरीत घेतलीय, उंचावर आहे, पंचगंगेचं पाणी तिथे येत नाही. घरमालक-मालकीण वरच्या मजल्यावर राहतात, दोघं निवृत्त शिक्षक. डबा त्याच गल्लीतल्या काकूंकडे लावलाय. तिखट कमी घालायला सांगितलंय, त्यांनी मान डोलावली, बघू. भट्टीजवळ जाताना चष्मा, बूट, ॲप्रन सगळं असतं, धुळीसाठी मास्क असतो. कंपनीची गाडी सकाळी घेते आणि संध्याकाळी सोडते. पगार थोडा कमी, पण भाडं पुण्याच्या निम्मं, म्हणजे हातात तेवढेच उरतील. आणि जर्मनीपेक्षा हे कितीतरी जवळ! स्वारगेटहून एसटी आहे, रेल्वे आहे. तुझा गुडघा दुखायला लागला तर रात्री निघून सकाळी दारात असेन. तिकडून ते जमलं असतं का, सांग.

बाबा, भोसरीहून येताना तुम्ही खिशातून लेथवरचे निळे पडलेले छल्ले आणायचात. मी त्यांच्या बांगड्या करायचे, आई ओरडायची, आणि तुम्ही माझं बोट कापलं की फुंकर घालायचात. लोखंड मला तिथून लागलंय. ते मुद्दाम लावलं नव्हतंत, हे माहीत आहे मला.

तुम्ही लगेच हो म्हणावं असा हट्ट नाही. राग आला तर राग धरा, फक्त जेवण सोडू नका. मागच्या वेळी तायडीच्या लग्नावरून दोन वेळा न जेवता बसलात आणि साखर कुठे गेली ते डॉक्टरांनी दाखवलं होतं.

आता नीट ऐका. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, विसरलात तर दुपारी दोन घ्यायच्या नाहीत. गोळ्यांचा डबा दर रविवारी तायडी येऊन भरेल, तिच्याशी वाद घालू नका. आई, गच्चीवर कपडे वाळत घालायला चढायचं नाही, मावशींना सांगितलंय, त्यांचे जादा पैसे मी पाठवीन. गॅसचं बुकिंग माझ्या फोनवरून होतं, ते तसंच राहू दे. डोळे तपासायची बाबांची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलीय, मी त्या दिवशी येणार आहे, एकट्याने रिक्षा करून जायचं नाही. आणि आजोबांचं मापाचं व्हर्नियर कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे ते मला हवंय. तुमची परवानगी असेल तरच नेईन. नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही.

शनिवारी तायडी आणि भाऊजी जेवायला येतायत. तेव्हा बोलू.

तुमची
चिमू