लँकॅस्टरला निघण्याआधी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकॅस्टरच्या आमिश गावांत जाताय हे छानच (आमिश म्हणजे मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारे, साधेपणानं राहणारे ख्रिस्ती पंथाचे लोक), पण शनिवार-रविवार नको. जावईबापूंना शुक्रवारची रजा काढायला सांग. रविवारी आमिश दुकानं कडकडीत बंद असतात आणि शनिवारी पर्यटकांची झुंबड उडते. शुक्रवारी एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार भरतो, शिवाय शहरातलं १८८९ सालच्या इमारतीतलं सेंट्रल मार्केटही उघडं असतं. तेवढा गुड फ्रायडे टाळा, त्या दिवशी शेतावरची दुकानं बंद असतात. न्यू जर्सीतल्या एडिसनहून सकाळी सातला निघालात तर साडेनऊपर्यंत आरामात पोचाल.

५ आणि १० डॉलरच्या नोटा भरपूर ने. शेतावरच्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही. काही ठिकाणी टेबलावर भाजी मांडलेली असते, शेजारी नुसता डबा. आपणच हिशेब करून पैसे टाकायचे. समोर माणूसच नसतो, त्यामुळे सुटे नसले की पंचाईत होते.

३४० नंबरच्या रस्त्यावर, बर्ड-इन-हँड आणि इंटरकोर्स गावांच्या मधे, करड्या घोडागाड्या भेटतील. त्या ताशी ८-१० मैलांनी चालतात, आपली गाडी ४५ नी. चढाच्या पलीकडे अचानक घोडागाडी पुढ्यात येते आणि मागून धडक बसते ती अशीच. मागे असताना हॉर्न मुळीच वाजवू नका, घोडा बुजतो. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसला की हळू, बरंच अंतर सोडून पुढे जा आणि लगेच त्यांच्या पुढ्यात वळू नका. माणसांचे फोटो काढायचे नाहीत, लांबूनही नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे तो.

आता मुख्य खरेदी. मुख्य रस्त्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानांत वेळ घालवू नकोस, आतल्या रस्त्यांवरची सुट्या किराणामालाची दुकानं गाठ. तिथे पोत्यांनी आणलेला माल पारदर्शक पिशव्यांत भरून, वजनाची चिठ्ठी लावून ठेवतात. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. उजेड छतातल्या काचेतून किंवा गॅसच्या दिव्याचा, म्हणून चिठ्ठी खिडकीजवळ नेऊन वाच. गव्हाचं पीठ घेताना पॅकिंगची तारीख बघ. अंकुरासकट दळलेल्या पिठातल्या तेलामुळे ते लवकर खवट होतं, म्हणून घरी आल्यावर फ्रीझरमध्येच टाक. पोळीसाठी कडक पांढऱ्या गव्हाचं घे आणि कणीक भिजवून अर्धा तास तरी झाकून ठेव. पेस्ट्रीचं पीठ मऊ गव्हाचं, त्यात चिकटपणा कमी, पोळी लाटताना फाटते. शंकरपाळ्यांना आणि नानकटाईला मात्र ते झकास. खसखस तिथे निळसर काळी मिळते. अनारशांना लावलीस तर रंग काळपट दिसेल, त्यासाठी आपल्या दुकानातलीच आण.

सासूबाई बरोबर असतील तर खाण्याचं नीट बघ. घरगुती नूडल्समध्ये अंडं असतं, भाजलेल्या बीन्समध्ये बहुधा बेकन, आणि स्क्रॅपल तर डुकराच्या मांसाचंच. काकवीच्या शूफ्लाय पायचं सारण निरुपद्रवी वाटतं, पण पारीत डुकराची चरबी असू शकते आणि सारणातही अंडं असतं कधीकधी. काउंटरवर सरळ विचार, स्पष्ट सांगतात. चाउचाउ म्हणजे घेवडा, फ्लॉवर, मका वगैरे भाज्यांचं व्हिनेगरमधलं आंबटगोड लोणचं. बरणी उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायची.

दूध, लोणी, चीज अगदी शेवटी घे. बर्फाच्या पिशव्या घातलेला कूलर गाडीत हवाच. असा माल ४ अंश सेल्सियसच्या वर दोन तासांहून जास्त राहू देऊ नये, उन्हाळ्यात बाहेरची हवा ३२ अंशांच्या पुढे असेल तर एकच तास. पेनसिल्व्हेनियात परवाना असलेल्या शेतांना कच्चं दूध विकता येतं. जर्सी गाईचं मिळालं तर जरूर घे, पण घरी आल्यावर आधी चांगलं उतू येईपर्यंत तापव. कच्चं कुणालाही देऊ नकोस, मुलांना तर नाहीच.

गुंडाळीत मिळणारं लोणी तुपासाठी फार चांगलं, साध्या लोण्याहून त्यात स्निग्धांश जरा जास्त असतो. बिनमिठाचं आहे ना, हे वाचून घे. एक पौंड लोणी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव. आधी फेस येईल, मग कडकड आवाज. आवाज थांबून बेरी बदामी दिसली की लगेच उतरव, साडेतीनशे ग्रॅमच्या वर तूप निघेल. मिठाचंच हाती लागलं तर मीठ बेरीबरोबर तळाशी बसतं. तूप वरून अलगद गाळून घे आणि ती बेरी साखर घालून खायला ठेवू नकोस, खारट लागेल. भाकरीच्या पिठात मळून टाक आणि वेगळं मीठ घालू नकोस.

तुझी,
आई