रात्रीच्या राखणीसाठी दुर्बीण घेताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भात पसवायला लागले की माझ्या दुकानात चष्म्यांबरोबर बंदुकीच्या दुर्बिणीही येऊ लागतात. देवगडात माझे चष्म्यांचे दुकान आहे. भिंगांतले कळणारा माणूस म्हणून लोक त्या माझ्याकडे आणतात. माझ्या नावावरही शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आहे. रानडुकरांचा कळप लोंबीवर आलेला मळा एका रात्रीत कसा लोळवतो हे मी बांधावर उभा राहून पाहिले आहे, त्यामुळे राखणीला बसणारा माणूस हाती लागेल ते साधन का विकत घेतो हे मला पुरते समजते. तरीही यंदा जे काही दुकानात आले ते पाहून हे पत्र लिहायला घेतले.

बहुतेकांनी ऑनलाइन मागवलेली असते ती 'इल्युमिनेटेड' दुर्बीण. जाहिरातीत काळी रात्र, उजळलेले माळरान आणि मधोमध नेम धरायचा लाल क्रॉस. परवा एका तरुणाने नवीकोरी दुर्बीण काउंटरवर ठेवली नि म्हणाला, "काका, ह्येच्यात काळोखच दिसता. भिंगात काय बिघाड असा?" बिघाड काहीच नव्हता. या दुर्बिणीत उजळतो तो फक्त आतला क्रॉस. बटणाएवढा सेल तेवढ्यापुरताच असतो, समोरच्या शेतात त्याचा कणभरही उजेड पडत नाही. काळ्या जनावरावर काळा क्रॉस हरवू नये, एवढाच त्याचा उपयोग. अंधारात दाखवणारी नाइट व्हिजन आणि अंगाच्या उष्णतेवरून चित्र काढणारी थर्मल ही यंत्रे निराळी, त्यांच्या किमतीही निराळ्या.

शिवाय ज्या कामासाठी ही दुर्बीण एवढी खपते, ते काम आपले नव्हे. अमेरिकेत कायोटी नावाचे जनावर आहे, आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद, अंगाने थोडा मोठा. मेंढ्या-वासरांना त्याचा उपद्रव होतो आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत त्याच्या शिकारीला वर्षभर मुभा आहे. रात्री दिवा लावून मारण्याचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. तिथला शिकारी मोकळ्या कुरणात बसतो, सशाच्या किंकाळीचा आवाज वाजवतो, लाल दिव्यात चमकणारे डोळे शोधतो आणि शे-दोनशे यार्डांवर रायफल चालवतो. आपल्याकडे कोल्हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि पीक खाणाऱ्या डुकरासाठीही वनविभागाची लेखी परवानगी लागते. हातात ठासणीची नाहीतर बारा बोअरची सिंगल बार, दोन्हींची नळी आतून गुळगुळीत, म्हणजे रायफलीसारखा लांबचा नेम नाहीच. समोर गडगा, करवंदीची जाळी, काजूच्या खाली आलेल्या फांद्या, आणि जनावर दिसलेच तर पंचवीस-तीस पावलांवर. तिथे सोळा पट मोठे दाखवणारी दुर्बीण लावली तर डुकराचे नुसते केस दिसतील, डोके कुठे नि शेपूट कुठे कळणार नाही.

म्हणून खोक्यावरचे आकडे वाचायला शिका. ३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. या ४० ला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. नऊ पटीला ती साडेचार मिलिमीटरच्या आत, सहाला पावणेसातच्या आसपास. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारात साधारण सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीच्या माणसाची पाचच्या आसपास. झोत बाहुलीपेक्षा बारीक असेल तर चित्र मंद दिसणार, जाड असेल तर जादा उजेड बुबुळावर पडून वाया जाणार. रात्री पट वाढवला की काळोख का वाढतो, ते यातच आले. आपल्या अंतराला १-४×२४ पुष्कळ झाली. चार पटीलाही सहा मिलिमीटरचा झोत मिळतो, एक पटीला अख्खा कोपरा नजरेत राहतो, आणि ५० मिलिमीटरच्या भिंगाचे ओझे व पैसे दोन्ही वाचतात. दुर्बिणीची ३० मिलिमीटरची जाड नळी जास्त उजेड देते असे विक्रेते सांगतात, ते खरे नाही.

पैसे घालायचे ते काचेत. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले की तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गेला. म्हणून सगळ्या पृष्ठभागांवर मल्टिकोटिंग, म्हणजे हा प्रकाश परत फिरणे कमी करणारे अनेक थरांचे लेप, आहे का ते आधी विचारा.

दुसरी परीक्षा क्रॉसची. स्वस्त मालात लाल-हिरवा दोन्ही रंग असतात, पण सगळ्यात कमी पायरीसुद्धा रात्रीला भगभगीत असते. क्रॉसभोवती लाली पसरते आणि जनावर तिच्यात बुडते. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात. ती कमाई एका क्षणात जाते. लाल रंग डोळ्याला त्यातल्या त्यात कमी दिपवतो, हिरव्याच्या नादी लागू नका. दुकानात दिवे घालवून, अगदी खालच्या पायरीवर पाहा. नंतर सेल काढा. क्रॉस काचेवर कोरलेला असेल तर काळा क्रॉस तसाच राहील, नसेल तर सेल संपताच आंधळे व्हाल. बारा बोअरचा धक्का मोठा, तेव्हा डोळा दुर्बिणीपासून नऊ-दहा सेंटिमीटर लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसायला हवे. भुवई फुटलेले लोक मी पाहिले आहेत.

बुरशीचे तर विचारू नका. आपल्या पावसात आतून सील न केलेली दुर्बीण गणपतीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे धरतात, ते लेपच खातात, आणि मी कितीही पुसले तरी डाग राहतो. नायट्रोजन भरलेली घ्या आणि बंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. बंदुकीवर बसवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा.

मात्र एवढे सगळे पाहून घेतलेली दुर्बीणही जनावर शोधायला वापरू नये. दुर्बीण जिकडे वळते तिकडेच बंदुकीची नळीही वळलेली असते. 'डुक्कर समजून माणसावर गोळी' ही बातमी कोकणात आपण पुन्हा पुन्हा वाचतो. आधी जोडीदाराने बॅटरी मारायची, चमकणाऱ्या डोळ्यांवर न थांबता आख्खे अंग ओळखायचे, मागे वाट किंवा घर नाही हे पाहायचे, मगच बंदूक खांद्याला.

परवाना नूतनीकरणाला आम्ही सगळे कागद घेऊन रांगेत उभे राहतोच. त्याच दिवशी संध्याकाळी काळोख पडल्यावर तालुक्याच्या ठिकाणी तासभर हे प्रत्यक्ष दाखवावे, बंदुकीशिवाय, नुसत्या दुर्बिणी आणि बॅटऱ्या घेऊन, अशी माझी पोलीस आणि वनविभागाला विनंती आहे. देवगडात ठरवले तर चांगल्या आणि वाईट काचांचे नमुने घेऊन मी येईन.

आपला,
एक चष्माविक्रेता व शेतसंरक्षण परवानाधारक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग