बाबांच्या डोळ्याविषयी

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा नुसते "बघू" म्हणतात आणि बोलणे बागेकडे वळवतात, म्हणून लिहिते आहे. रविवारी मी पिंपळगावला येऊन बाबांना नाशिकला आमच्याकडे आणणार आहे, आणि डोळा पूर्ण बरा होईपर्यंत ते इथेच राहतील. द्राक्षबागेतली, फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढण्यापासून घड औषधात बुडवण्यापर्यंतची (डिपिंग) सगळी कामे धाकट्या काकांनी अंगावर घेतली आहेत. तुम्हाला न विचारता ठरवले याचे वाईट वाटून घेऊ नका, पण बुबुळाला बुरशी लागण्याच्या या आजारात वाट पाहण्याची किंमत बुबुळ मोजते.

छाटणीत काडी लागली तेव्हा ओरखडा लहानच होता, पण ओल्या-सुक्या काडीपाल्यावरची बुरशी अशाच ओरखड्यातून आत शिरते. मग लाली जावी म्हणून मेडिकलमधून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड होते. त्याने दोन दिवस बरे वाटले, कारण सूज दबली; बुरशीला मात्र मोकळे रान मिळाले. बाबा, यात तुमची चूक नाही. ते थेंब तिथे सर्रास देतात.

जखम खरवडून केलेल्या तपासणीत फ्युजेरियम नावाची बुरशी निघाली आहे. "त्याच पांढऱ्या थेंबांनी काय होणार, महागडे औषध लिहून घे," असे बाबा म्हणाले, त्याचा मी नीट विचार केला. दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर नॅटामायसिन (तुमचे पांढरे थेंब) आणि व्होरिकोनॅझोल या दोन बुरशीविरोधी थेंबांची तुलना झाली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत नॅटामायसिन सरस ठरले, आणि फ्युजेरियमच्या बाबतीत तर फरक फारच ठळक होता. म्हणजे तुमचे पांढरे थेंबच योग्य आहेत. अडचण एवढीच, की ते बुबुळात खोल मुरत नाहीत, म्हणून डॉक्टर वरचा थर अधूनमधून खरवडतात आणि थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा, घालावे लागतात. आईच्या गुडघ्यांना रात्रभराचे उठणे झेपणार नाही. इथे आम्ही दोघे पाळ्या लावू.

आता जे सांगायला जीभ रेटत नव्हती ते सांगते. जखम खोल गेली तर बुबुळातच व्होरिकोनॅझोलचे इंजेक्शन देतील, आणि तेवढ्यानेही थांबली नाही तर खराब भाग काढून कुणीतरी दान केलेले बुबुळ बसवावे लागेल. त्या शस्त्रक्रियेला मी होकार कळवला आहे. तिचा पहिला हेतू संसर्ग काढून डोळा वाचवणे हा असतो. नजरेचा विचार नंतर, गरज पडल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेने करता येतो. वेळ येईलच असे नाही, पण आली तर दिवस वाया जाऊ नये.

मागची खोली बाबांसाठी रिकामी केली आहे. तिथे ऊन डोळ्यावर येत नाही आणि संडास लागूनच आहे. सकाळी सहाचा चहा मिळेल, बाजरीची भाकरी मिळेल, बातम्या मी वाचून दाखवीन. माझे डोळे आले होते तेव्हा चिकटलेल्या पापण्या कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवत तुम्ही उशाशी बसून राहायचा, बाबा. आता मला बसू द्या.

रविवारपर्यंत एवढे कराच. थेंबांची बाटली प्रत्येक वेळी हलवायची, कारण औषध तळाशी बसते. डोळ्यात पांढरा साका दिसला तर घाबरून चोळायचे नाही. डोळा पट्टीने बांधायचा नाही. आई, शेजारच्या काकूंनी सांगितलेला मध, दूध, गुलाबपाणी काहीही घालू देऊ नकोस, आणि ते जुने लाल झाकणाचे थेंब फेकू नकोस, पण वापरूही नकोस; डॉक्टरांना दाखवायचे आहेत. दुखणे एकदम वाढले किंवा डोळ्यातून गरम पाणी आल्यासारखे वाटले, तर रविवारची वाट न पाहता लगेच फोन करा, रात्र असली तरी.

साखरेची फाइल, चष्मा आणि सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत भरून ठेव. मी दहापर्यंत पोहोचते.

तुमची,
ताई