बाबा, क्रिएटिनिन ठीक, पण प्रेशरचं काय?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

किडनीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. बाबा, खाली तुम्ही लिहिलंत, 'क्रिएटिनिन 1.6, मागच्याइतकंच. काळजी नसावी.' किडनीने गाळायचा हा रक्तातला कचरा वाढला नाही, ठीक. माझी नजर मात्र कोपऱ्यात पेनाने खरडलेल्या प्रेशरवर अडकली: 158/66. वरचा आकडा चढलेला, खालचा उतरलेला, मधे 92 चं अंतर. धमन्या लवचिक असल्या की प्रत्येक ठोक्याला किंचित फुगून तो झेलतात. ताठर झाल्या की असं अंतर पडतं. वयाने थोडं होतंच. पण किडनी मंदावली (तुमचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, 46) की फॉस्फरस बाहेर टाकणं जड जातं, आणि वाढलेल्या फॉस्फरसमुळे धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. भिंतीत कॅल्शियम बसतं. किडनीच्या बऱ्याच पेशंटना डायलिसिसच्या आधी हृदयच दगा देतं, ते यामुळेही.

तुमचा फॉस्फरस 4.4. रेंज 4.5 पर्यंत, म्हणून लॅबने ठळक केला नाही, एवढंच. डाळ-उसळ मनाने बंद करू नका. त्यातला सगळा फॉस्फरस अंगी लागत नाही. डबाबंद पदार्थांत घातलेला मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो. मिसळीनंतर 'पचायला' म्हणून कोला घेता ना, त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं. मिसळीवर वेगळं भांडू.

आई, तू आणलेल्या लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, आणि मंदावलेल्या किडनीला तेही बाहेर टाकणं जड जातं. डॉक्टरांना विचारेपर्यंत ते बाजूला ठेव. साधंच मीठ वापर, पण कमी. आणि लोणच्याची बरणी टेबलावरून हलव, बाबा कितीही फुगले तरी.

लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची) तपासणी पुन्हा टाळलीत. बाटली घेऊन राम मारुती रोडवरून जायची लाज वाटते म्हणे! घरी रक्त न्यायला येतो त्या मुलाकडेच द्या, सकाळची पहिली. त्यातला अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा रेशो 30 च्या वर राहिला तर किडनीची गाळणी झिरपतेय, आणि बहुधा अंगभरच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तरही दुखावलंय. रक्तातलं क्रिएटिनिन हे सांगत नाही.

त्याच मुलाला सांगा, सुई उजव्या पंजाच्या मागच्या शिरेत टोच. डाव्या हाताच्या शिरा राखून ठेवायच्या. पुढेमागे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आलीच तर त्या लागतात. लगेच घाबरू नका, ती वेळ आलेली नाही.

शनिवारी डॉक्टरांकडे प्रेशरची वही न्या. मला फोन लावून स्पीकरवर ठेवा. आणि बाबा, आईला मधेच तोडू नका, तिचे प्रश्न तुमच्यापेक्षा बरे असतात.

तुमची,
मनू